दिव्याचा खांब कुणाचा?

वाळवंटातलं एक छोटं गाव. मातकट भिंती, कमानी, अरुंद बोळ, कोपऱ्यांत रचलेली लाकडी खोकी. काउंटर-स्ट्राइक खेळलेल्या कुणालाही हे गाव ओळखीचं वाटेल. सायबर कॅफेंच्या दिवसांत आपल्याकडच्या कितीतरी पोरांच्या दुपारी असल्याच बोळांतून पळण्यात गेल्या. पण चार पावलं चाललं की काहीतरी वेगळं दिसू लागतं. काही खोकी जमिनीवर नाहीत, हवेत अधांतरी आहेत. मातकट भिंतींच्या मधेच भडक रंगांचे ठोकळे उभे आहेत आणि त्यांचा गावाशी काही संबंध नाही. शत्रू नाही, सोबती नाही, जिंकायला काही नाही. कुणीतरी एका नेहमीच्या जागेवर मनाला येईल तसा रंग टाकलाय, एवढंच.

‘द बिगिनर्स गाइड’ या गेमची ही पहिली लेव्हल. डेव्ही रेडन या अमेरिकन गेमकर्त्याने ही गेम ऑक्टोबर २०१५मध्ये प्रसिद्ध केली. सगळी मिळून दीडेक तासाची. आपण चालायचं, बघायचं आणि एका माणसाचं बोलणं ऐकायचं. बोलणारा स्वतःचं नाव डेव्ही रेडन असंच सांगतो. त्याचं म्हणणं असं, की कोडा नावाचा माझा एक मित्र होता. २००८ ते २०११ या काळात त्याने बऱ्याच छोट्या गेम केल्या, कुणाला दाखवल्या नाहीत, आणि एक दिवस करणंच थांबवलं. त्या मी तुम्हाला क्रमाने दाखवतो. लोकांना त्या आवडल्या तर कदाचित तो पुन्हा करू लागेल.

कोडा हे पात्र आहे आणि निवेदकही पात्रच आहे, त्याला लेखकाचं नाव आणि आवाज असला तरी. मी ही गेम तशीच वाचतो. लेखकाने स्वतःला दोन माणसांत वाटून घेतलंय: एक जण स्वतःसाठी जागा रचतो आणि दुसरा त्या जागा जगाला दाखवायला निघतो.

पहिल्या लेव्हलसाठी काउंटर-स्ट्राइकचा नकाशा निवडण्यात फार नेमका विचार आहे. ‘डस्ट’ हा त्या खेळाचा गाजलेला नकाशा डेव्ह जॉन्स्टन नावाच्या इंग्लिश तरुणाने १९९९मध्ये केला. तो कुठल्या कंपनीच्या नोकरीत नव्हता, खेळता खेळता करू लागलेला हौशी होता. पण असा नकाशा कितीही हौसेने केला तरी तो दोन फळ्यांसाठी असतो. दोघांना मोक्याच्या जागी पोचायला किती वेळ लागतो, कुठल्या कोपऱ्यातून कुणाला जास्त दिसतं, हे तोलावंच लागतं, नाहीतर तो कुणी खेळत नाही. कोडाच्या गावात हा तोल साधायची धडपडच नाही. तरंगणाऱ्या खोक्याचा कुठल्याच फळीला उपयोग नाही. ज्या जागेचं बरंवाईट इतरांच्या खेळण्यावरून ठरतं, तीच जागा घेऊन कोडाने तिच्यातून इतरांना वजा केलंय. निवेदकाला त्या ठोकळ्यांत एका खऱ्या माणसाचा हात दिसतो, आणि हे त्याचं वाचन मला पूर्ण पटतं. या निवेदकाला बघता येतं. पुढचं सगळं दुःख त्यातूनच निघतं.

लेव्हल रचणं हे काम जवळून पाहिलं नसेल तर गेमचा बराचसा अर्थ हातून निसटतो. ‘द बिगिनर्स गाइड’ ही व्हॉल्व कंपनीच्या सोर्स इंजिनवर केलेली आहे, आणि या इंजिनाचे नकाशे हॅमर नावाच्या एडिटरात रचतात. पडद्याच्या चार खिडक्या: एकीत जागा जशी दिसेल तशी, उरलेल्या तिघींत वरून, समोरून आणि बाजूने तिची नुसती रेषाकृती. ठोकळा ओढायचा, त्याला विटांचं नाहीतर मातीचं आवरण चढवायचं, दुसरा ठोकळा त्याला चिकटवायचा. जागा सगळ्या बाजूंनी बंद असावी लागते. कुठे बोटभर फट राहिली आणि तिच्यातून बाहेरची पोकळी आत आली, तर इंजिन ‘लीक’ म्हणून तक्रार करतं. मग कंपाइल करायचं, वाट बघायची, आत शिरून चालून बघायचं, बाहेर यायचं, एक पायरी खाली घ्यायची, पुन्हा कंपाइल. दुसऱ्या कुणी तिथे पाऊल ठेवायच्या आधी करणारा तिथून असंख्य वेळा चाललेला असतो. म्हणून लेव्हल स्वतःसाठी करता येते का, या प्रश्नात मला फार दम वाटत नाही. ती आधी स्वतःसाठीच होते. पुढे ती कुणाच्या हाती पडते, हा वेगळा प्रश्न.

कोडाच्या गेमांमध्ये एक कोडं पुन्हापुन्हा येतं. भिंतीत दार, दाराशेजारी खटका. खटका ओढला की दार उघडतं, पण त्याच्या मागे दुसरं दार असतं आणि ते बंद. पहिलं लागेल तेव्हाच दुसरं उघडणार. मग सुचतं, की खटका ओढायचा आणि पहिलं दार लागायच्या आत चटकन आत शिरायचं. क्षणभर आपण दोन दारांच्या मधे असतो. मागचं बंद झालेलं, पुढचं उघडायचंय, आणि तेवढ्या वेळात पूर्ण काळोख. निवेदक म्हणतो, की एक गोष्ट संपवून दुसरीकडे वळण्यासाठी माणसाला लागणारी ही मधली जागा आहे. वाचन सुरेख आहे. मला मात्र त्या कोड्याचं पुन्हापुन्हा येणं जास्त ओढून घेतं. व्यावसायिक गेममध्ये तेच कोडं तसंच्या तसं दुसऱ्यांदा आलं तर खेळणारा वैतागेल, म्हणून ते दरवेळी थोडं अवघड करत नेतात. कोडा ते जसं आहे तसं ठेवतो. एखादा गवई एकाच स्वरावर पुन्हापुन्हा येऊन थांबावा तसा तो त्या काळोखाशी येतो. ते त्याला हवं आहे, याहून दुसरं कारण मला दिसत नाही.

एका लेव्हलमध्ये जिना आहे. वर दार दिसतंय. चढू लागलं की पावलं जड होतात, आणि जितकं वर जावं तितकी जास्त जड. शेवटी आपण गोगलगायीच्याही मागे पडतो. इथे निवेदक मदतीला येतो: मी यात एक सोय केलीये, अमुक बटण दाबा म्हणजे पहिला वेग परत येईल. आपण दाबतो आणि झपकन दारापाशी पोचतो. आतल्या खोलीत कोडाच्या मनात आलेल्या कितीतरी गेमांच्या कल्पना तरंगत असतात. पुढे एका लेव्हलमध्ये कोठडी येते. मुळात इथे खेळणाऱ्याने खरा एक तास थांबायचं होतं. काही करायचं नाही, नुसतं कोठडीत उभं राहायचं. निवेदक म्हणतो, हे मी तुमच्यासाठी काढून टाकलंय. आणि आपल्याला बरं वाटतं.

मला या गेमची सगळ्यात बारीक कारागिरी इथे दिसते. निवेदकाची प्रत्येक ढवळाढवळ आपल्या सोयीची आहे. तो कुठेही दुष्ट वाटत नाही. पाहुण्यांची काळजी घेणारा वाटतो. जिन्यावरचा तो असह्य संथपणा हीच कोडाची गेम होती, हे आपल्या लक्षात येतं तोवर आपण वर पोचलेलो असतो. वरची खोली पाहायला मिळाली, पण खोलीपर्यंतचा वेळ गेला. आता कुणीच पाहणार नाही अशा गेममध्ये कोठडीतला तो एक तास कुणासाठी होता, याचा विचार करावा. ती कोठडी तपासायला कोडालाच तिच्यात थांबावं लागलं असणार. खेळणाऱ्याचा वेळ मोलाचा असतो, त्याला कंटाळा येता कामा नये, हा गेम रचण्याचा पहिला धडा. ज्याला खेळणारा नकोच आहे, त्याला हा धडा लागू होत नाही. कंटाळाही त्याच्या हातातला एक रंग होऊन जातो.

पुढे लेव्हली काळवंडत जातात. एकामागून एक तुरुंग येतात, वेगवेगळ्या मांडणीचे. एका गेममध्ये जागोजागी इतर खेळाडूंनी लिहून ठेवल्यासारखे निरोप आहेत, पण ती गेम इंटरनेटला जोडलेलीच नव्हती. सगळे निरोप कोडाने एकट्याने लिहिलेत. निवेदकाचा आवाज हळूहळू काळजीचा होतो. हा माणूस एकटा पडलाय, खचलाय, असं तो आपल्याला पटवू लागतो. प्रत्येक तुरुंग त्याला पुरावा वाटतो.

मधे एक घर लागतं. तिथे घर आवरायचं असतं, सोबतीला कुणीतरी असतं, त्याच्याशी दोन शब्द बोलायचे आणि पुढचं काम घ्यायचं. रायन रॉथचं संगीत इथे फार मऊ आहे. मूळ गेममध्ये ही कामं संपतच नव्हती, असं निवेदक सांगतो. एक झालं की दुसरं, मग पुन्हा पहिलं. आणि तो ती थांबवतो, कारण गेमला शेवट हवा, माणसाला पुढे सरकायला हवं. संबंध दीड तासात मला सगळ्यात जास्त चीड आली ती इथे. घरातली कामं संपत नाहीत, आणि न संपण्यातच ज्याला बरं वाटतं त्याच्यासाठी ती लेव्हल पुरी होती. तिला शेवट निवेदकाला हवा होता.

आता दिव्याचा खांब. एका लेव्हलच्या शेवटी तो पहिल्यांदा दिसतो, रस्त्याकडेला असतो तसला साधा खांब. निवेदक आपलं लक्ष वेधतो: इथून पुढे कोडाच्या बहुतेक गेमांच्या शेवटी हा दिवा असेल. त्याचा निष्कर्ष असा, की कोडाला आता कुठेतरी पोचायचं आहे, त्याच्या कामाला दिशा सापडली आहे. आपण मान डोलावतो. पुढच्या बहुतेक लेव्हली दिव्यापाशी संपतात आणि दरवेळी आपल्याला शोध लागल्याचं समाधान मिळतं. विखुरलेल्या गेमांना एका सूत्रात ओवणारी ही खूण किती सोयीची आहे!

कोडाची शेवटची लेव्हल म्हणजे मनोरा. त्याने ती डेव्हीला पाठवलेली आहे, आणि ती खेळता येऊ नये अशीच रचली आहे. आधी न दिसणाऱ्या भिंतींचा भूलभुलैया. मग आकड्यांचं कुलूप, ज्याचे आकडे कळायचा काही मार्ग नाही. मग दोन दारांचं तेच जुनं कोडं, पण या वेळी सुटूच शकणार नाही अशा मांडणीत. निवेदक तिन्ही ठिकाणी आपल्याला पलीकडे नेतो, कारण त्याने लेव्हलच आतून बदलली आहे. वरच्या खोल्यांच्या भिंतींवर मजकूर आहे, डेव्हीला उद्देशून. त्याचा आशय असा: तू माझ्या कामात रस घेतलास, आभारी आहे, पण आता माझ्याशी बोलू नकोस. माझ्या गेम मला न विचारता लोकांना दाखवणं थांबव. त्या बदलणं थांबव. मी खचलोय असं तुला वाटतं, त्यातून माझ्यापेक्षा तूच जास्त दिसतोस. आणि एक विनंती: माझ्या गेमांमध्ये दिव्याचे खांब लावणं बंद कर.

खांब कोडाचे नव्हते. ते डेव्हीने लावले होते आणि मग आपल्याला दाखवून त्यांचा अर्थ सांगितला होता.

सोर्स इंजिनात दिव्याचा खांब म्हणजे नुसतं मॉडेल. ते आपण होऊन उजेड देत नाही. खांब उभा करायचा, मग प्रकाशाचा बिंदू वेगळा आणून बल्बच्या जागी टेकवायचा, त्याचा रंग आणि जोर ठरवायचा, आणि सबंध लेव्हलचा प्रकाश नव्याने मोजून घ्यायचा. तो मोजला गेला की जवळच्या भिंतींवर उजेड-सावलीचा नवा थर बसतो. चुकून असा खांब लागत नाही. मनोऱ्यानंतर मी आधीच्या लेव्हली पुन्हा पाहिल्या. तेव्हा दिव्यापेक्षा त्याने आसपासच्या जमिनीवर पाडलेलं पिवळट वर्तुळ बघत राहिलो. खांबापुरती जागा बदलली, असं म्हणून सुटका होत नाही. कोडाने त्या ठिकाणी अंधार ठेवला होता आणि तो आपल्याला कधीच दिसणार नाही.

ही गेम आली त्याच्या काही आठवडे आधी, सप्टेंबर २०१५मध्ये, निन्टेन्डोची ‘सुपर मारियो मेकर’ बाजारात आली होती. मारियोच्या लेव्हली घरबसल्या करा आणि जगाला खेळायला द्या, अशी ती सुंदर सोय. मी ती कमी लेखणार नाही. रचण्याचा आनंद तिने फार लोकांना दिला. पण तिचे नियम पाहावेत. सुरुवातीला दहाच लेव्हली पाठवता येत. जास्त पाठवायच्या तर इतरांकडून तारे मिळवायचे. ज्या लेव्हलीला कुणी विचारत नसे ती काही काळाने सर्व्हरवरून काढली जाई. म्हणजे इतरांची पसंती हे नुसतं बक्षीस नव्हतं. लेव्हलने जगात राहावं की नाही, हेच तिच्यावर ठरे. अशा ठिकाणी कोडाचं अधांतरी खोक्यांचं गाव किती दिवस टिकलं असतं? एका मोसमात आलेल्या या दोन गेम शेजारी ठेवल्या की रेडनचा प्रश्न एखाद्या लहरी मित्रापुरता राहत नाही. तारे मोजणाऱ्या जगात तारे नको असलेल्या माणसाला जागा कुठे, असा तो प्रश्न आहे.

आणि हा प्रश्न रेडनने कुठून आणला तेही दिसतं. २०१३मध्ये त्याची ‘द स्टॅन्ली पॅरेबल’ ही गेम खूप खपली, वाखाणली गेली. त्यानंतर वर्षअखेरीच्या पुरस्कारांच्या दिवसांत त्याने एक चित्रकथा काढून जाहीरपणे सांगितलं होतं, की लोकांच्या शाबासकीची आपल्याला सवय लागते आणि ती मिळूनही पोकळी भरत नाही. त्यानंतरची त्याची गेम म्हणजे ही. मनोऱ्यावर पोचल्यावर निवेदकाचा आवाज फुटतो आणि तो कबूल करतो, की तुझ्या गेम दाखवल्यावर लोक माझं कौतुक करायचे, मला पहिल्यांदा स्वतःविषयी बरं वाटलं. कौतुक कोडाला नको होतं. डेव्हीला ते हवं होतं, तेही दुसऱ्याच्या कामावर. तुरुंगांविषयीही त्याच्याच तोंडून शेवटी ही शक्यता बाहेर पडते, की कदाचित कोडाला तुरुंग करायला आवडत असतील, बस. सबंध गेममधलं सगळ्यात साधं वाचन, आणि ते सुचायला त्याला मित्र गमवावा लागला.

हा भाग रेडनने गरजेपेक्षा लांबवलाय, असं माझं मत आहे. भिंतीवरच्या त्या मजकुरानंतर आपल्याला सगळं कळलेलं असतं. पुन्हा निवेदकाने स्वतःची चिरफाड करून दाखवण्याने जखम बोथट होते. जिन्यावरचा संथपणा आपल्याला सांगावा लागत नाही, पायांना कळतो. त्या दर्जाच्या कामाशेजारी हे बोलणं कमी पडतं.

काही जणांनी ही गेम म्हणजे कलाकृतीचा अर्थ लावणाऱ्यांना दिलेला दम आहे, असं मानलं. मला ते मान्य नाही. तसं असतं तर तरंगणाऱ्या खोक्यांवरचं किंवा दोन दारांमधल्या काळोखावरचं निवेदकाचं बोलणं पोकळ ठरलं असतं, आणि ते पोकळ नाही. तिथे तो जे आहे त्याकडे बघतो आणि त्याला काय दिसलं ते सांगतो. अर्थ लावण्याने कोडाचं काही हिरावलं गेलं नसतं. निवेदकाचा गुन्हा तीन वेगळ्या ठिकाणी आहे: न विचारता दाखवणं, आपला अर्थ बसावा म्हणून वस्तू बदलणं, आणि करणाऱ्याच्या मनाचा आजार ठरवून टाकणं. यातल्या पहिल्यात आपणही सामील आहोत, कारण गेम विकत घेऊन कोडाच्या लेव्हली आपण पाहिल्याच. रेडन आपल्याला यातून सोडवत नाही आणि ते योग्य आहे.

स्वतःसाठी केलेल्या कामाला आपण एका शब्दात निकालात काढतो: छंद. म्हणजे फावल्या वेळातलं, बिनमोलाचं. कोडाच्या लेव्हली त्याच्या उलट सांगतात. त्यांत निष्काळजीपणा नाही. जिन्याची गती पायरीपायरीने कमी होत जाते ती मोजून. कोठडीचा तास नेमका तास आहे. दोन दारांचं कोडं प्रत्येक वेळी बिनचूक चालतं. कुणी बघणार नसताना केलेली ही मेहनत आहे. बाहेरच्या पसंतीचा धाक काढून घेतला तर माणूस ढिसाळ होईल, ही भीती इथे खोटी ठरते. ढिसाळ झाला तो डेव्ही. इतरांना आवडावं म्हणून त्याने जिथे हात लावला तिथे काम मोडलं.

गेमच्या अखेरच्या भागात निवेदक निघून जातो. या लेव्हली कोडाच्या की डेव्हीच्या, हे कुठेच सांगितलेलं नाही. रेल्वे स्थानक, मोठमोठी दालनं, आणि मग प्रकाशाचा एक झोत, ज्यात शिरलं की आपण वर उचलले जातो आणि खाली क्षितिजापर्यंत पसरलेला भूलभुलैया दिसतो. असा झोत अगदी सुरुवातीच्या एका लेव्हलमध्येही होता. तिथे झोतात शिरून मरायचं होतं, पण गेममधल्या चुकीमुळे खेळणारा वर तरंगू लागायचा, आणि निवेदकाने लगेच त्या चुकीचा अर्थ आपल्याला समजावला होता. इथे तीच चूक मुद्दाम केलेली आहे. कुठे बघायचं आणि काय वाटून घ्यायचं हे सांगणारं या वेळी कुणी नाही, आणि खालच्या भूलभुलैयाचा अर्थ काय ते मीही इथे सांगणार नाही.